आत घेतलेला निळा झगा

...आणि ती पुन्हा आली. हातात तोच निळा झगा, चेहऱ्यावर तेच हसू. दारातूनच ओरडली, "अहो, पुन्हा सैल झाला!"

इथंच काल आपण थांबलो होतो ना? चुलीवरचं दूध उतू गेलं, सगळे तिकडं धावले आणि गोष्ट राहिली. आज पुढची सांगतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारा नेहमीसारखा मधूनच सुटला.

तर आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी. सगळे त्याला शिल्लक मास्तर म्हणायचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार त्याच्या घरात. खिडकीशी पायमशीन, कारण उजेड तिथंच. मध्ये कापायचं मोठं टेबल, खडूच्या रेघांनी पांढरं पडलेलं. भिंतीला शिवून झालेले कोट लटकलेले, जणू माणसं रांगेत उभी आहेत आणि डोकी घरी विसरून आलीत. दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर गिऱ्हाईक कमी आणि मीच जास्त बसायचो.

शिल्लक हे नाव कशावरून पडलं? मास्तर शिवणीच्या आत भरपूर कापड ठेवायचा. दुसरे शिंपी जादा कापड कातरून टाकतात, शिवण कशी पातळ, सुबक दिसते. हा कातरायचाच नाही. आत दुमडून, इस्त्री मारून असं बसवायचा की बाहेरून पत्ता लागू नये. विचारलं की म्हणायचा, "अंग काय, आज एक उद्या एक. कापडानं तयारीत असावं."

आणि ते खरंही व्हायचं. एका कारकुनानं लग्नासाठी याच्याकडून पँट शिवली. तेव्हा पोरगा इतका किडकिडीत की पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागायची. पुढं संसार मानवला, पोट सुटलं. दर काही वर्षांनी तो ती पँट घेऊन यायचा आणि मास्तर शिवण उसवून आतलं कापड थोडं बाहेर सोडायचा. शेवटी तो निवृत्तीच्या समारंभाला तीच पँट घालून गेला. मी म्हटलं, "मास्तर, कमाल आहे, जन्मभर पुरली!" तर मागच्या टेबलावरून वहिनींचा आवाज आला, "पँट पुरली, भावजी. केस नाही पुरले बिचाऱ्याचे."

या वहिनी म्हणजे मास्तरची बायको. मागच्या दाराशी छोटं टेबल होतं, तिथं बसून त्या काजं करायच्या, बटणं लावायच्या. अंगानं भरलेल्या आणि हसल्या की सगळ्या हसायच्या, खांदे, हनुवटी, मांडीवरची बटणांची डबीसुद्धा. स्वतःची चेष्टा दुसऱ्यानं करायच्या आधी स्वतःच करून मोकळ्या व्हायच्या. "माझा झगा शिवायचा म्हणजे यांना कापडगिरणीला कळवावं लागतं," म्हणायच्या.

मास्तर त्यांचं माप कधी फितीनं घ्यायचा नाही. मी एकदा विचारलं तर लाजला. म्हणाला, "घरच्या माणसाला कुठं फीत लावतात, दादा? हाताला पाठ आहे." त्या उभ्या राहायच्या, हा मागून कमरेशी दोन्ही तळवे धरायचा आणि सरळ जाऊन कापड कापायचा. अन् झगा असा बसायचा की बघत राहावं. तो निळा झगा असाच शिवलेला, वहिनींच्या भाचीच्या लग्नासाठी. निळा म्हणजे कसा, शाईची दौत सांडल्यासारखा.

आता गोळ्यांची गोष्ट. मास्तरला बऱ्याच दिवसांनी डॉक्टरकडं न्यायचं झालं, खोकला होता. डॉक्टरांनी वहिनींकडं बघितलं आणि म्हणाले, आल्याच आहात तर तुमचंही रक्त तपासून घेऊ. खोकलेवाला सुटला आणि सोबत गेलेली अडकली. रक्तात चरबी वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा, रोज चाला, पुन्हा येऊन दाखवा. साधं सरळ सांगितलं. पण चालणं आणि गोड सोडणं ही काय माणसाला आवडणारी औषधं आहेत? वहिनी परत येताना औषधांच्या दुकानात शिरल्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊन आल्या. पारदर्शक, मधाच्या थेंबासारख्या पिवळ्या. डबीवर लिहिलेलं वहिनींनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, "च-या-प-च-यास साहाय्यक." आणि विचारलं, "हे काय असतं हो, भावजी?"

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, मला कुठलं ठाऊक! मी म्हटलं, चहाच्या पुढचं काहीतरी असेल. पण त्यांनी दुकानदाराला आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "बाई, पोटात एक भट्टी असते. खाल्लेलं तिच्यात जळतं. तुमची मंदावलीय. या गोळ्या घेतल्या की पेटते." झालं. त्या दिवसापासून त्या घरात चयापचयाचं नाव भट्टी पडलं. सकाळी मास्तर विचारायचा, "काय गं, पेटली का भट्टी?" आणि ह्या म्हणायच्या, "धूर तर निघतोय."

धूर म्हणजे ढेकर. माशाच्या तेलाचा ढेकर कसा असतो ते मला विचारा. आमच्या शाळेत गुरुजी दर आठवड्याला रांगेत उभं करून एकेक चमचा पाजायचे, हाडं घट्ट व्हावीत म्हणून. एका बहाद्दरानं तो गुरुजींच्याच दौतीत थुंकला. मग वर्षभर आमच्या हजेरीला माशाचा वास! वहिनींच्या ढेकरांनी मला ती शाळा आठवायची. गल्लीतलं एक करडं मांजर तर त्यांच्यामागं लागलं. त्या बाजारात निघाल्या की हे मागं, दुकानात बसल्या की हे टेबलाखाली. मास्तर म्हणायचा, "पूर्वी तुझ्यामागं मी एकटाच होतो."

आणि मग झगा सैल व्हायला लागला.

पहिल्यांदा झाला तेव्हा काय आनंद होता त्या दुकानात! वहिनी आरशासमोर उभ्या, कमरेशी कापड चिमटीत धरून दाखवतायत, "बघा बघा, किती उरलं!" मास्तर तोंडात टाचण्या धरून भोवती फिरतोय. टाचण्या असताना त्याला बोलता यायचं नाही, नुसता डोळ्यांनी हसायचा. दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतला, जादा कापड नेहमीसारखं आत दुमडून ठेवलं. झगा पुन्हा अंगाला चापून बसला.

थोड्या दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा आत. मग दुसरे झगे, मग थंडीचा कोट. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "वहिनी, ओळखू येत नाही तुम्ही! काय छान दिसताय!" वहिनी डबी दाखवायच्या. पाववाल्याच्या बायकोनं गोळ्या सुरू केल्या, मग वाण्याच्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्हीपण घ्या." मी म्हटलं, "माझी भट्टी आणखी पेटली तर राखच उरायची."

मास्तर तेव्हा जे काम करायचा ना, तसं त्यानं आयुष्यात केलं नसेल. नुसतं कमरेशी आत घेऊन भागत नव्हतं. खांदे उतरले तर खांदे उचलायचे, बाही बारीक करायची, गळ्याशी पोकळी दिसायला लागली तर तिथं एक छोटी चुणी घालायची. प्रत्येक झगा जणू आजच शिवलाय. बाई आत आत चालली होती आणि तिच्यामागून कापडही तितकंच आत आत चाललं होतं.

नाही म्हणायला काही गोष्टी दिसत होत्या. जेवायला बसल्या की दोन घास खाऊन ताट सारायच्या. "भट्टी भरलेली आहे," म्हणायच्या. पाठ दुखायची, त्याचा दोष काजांना. दुपारी काज करता करता मान टेबलावर टेकायची, बोटांत सुई तशीच. मास्तर उठून हळूच सुई काढून घ्यायचा आणि मला खूण करायचा, बोलू नका. मग कुजबुजायचा, "आत एवढं जळतंय, दादा. दमणारच ना माणूस."

वहिनींची धाकटी बहीण दुसऱ्या गावी एका शाळेत स्वयंपाकघर सांभाळायची. ती सुटीत राहायला आली. पहिल्या दिवशी तीही म्हणाली, "ताई, किती गं छान दिसतेस!" दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना न्हाणीघरात चक्कर आली. बहीण धावत आत गेली. त्यांना टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं आणि पलंगावर निजवलं. मी तेव्हा बाकावर होतो. मागचं दार उघडून ती दुकानात आली आणि मास्तरसमोर उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊजी, तुम्ही तिला कपड्यांशिवाय शेवटचं कधी बघितलंत?"

मास्तर गोंधळला. मी बाकावरून उठायला लागलो, तर ती म्हणाली, "बसा हो तुम्ही. लाजायची वेळ नाही ही. हाडं मोजता येतायत तिची. डोळे पिवळे झालेत. झगा घातला की राणी दिसते आणि काढला की काही उरत नाही. कोण शिवतं हे कपडे?"

कोण शिवतं ते तिला ठाऊक होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

मोठ्या इस्पितळात मीही बरोबर गेलो. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती आणि तिनं बाहेर पाय पसरले होते. डॉक्टरीण तरुण होती, पण घाईत नव्हती. मास्तरनं खिशातून गोळ्यांची डबी काढून तिच्यासमोर ठेवली. म्हणाला, "याच्यामुळं झालं का?"

ती म्हणाली, "नाही. याच्यामुळं नाही."

"मग बारीक याच्यामुळं झाली ना? भट्टी..."

तिनं डबी हातात घेऊन नीट वाचली. म्हणाली, "काका, माशाच्या तेलानं रक्तातली चरबी थोडी उतरू शकते, तीही डॉक्टरांनी ठरवून, मोठ्या मात्रेत दिलं तर. चयापचयावर काय होतं त्याबद्दल कुठल्या अभ्यासात थोडा फरक दिसतो, कुठल्यात काहीच दिसत नाही. पण असं अंग कुठलंही तेल वितळवत नाही. हे आजारानं नेलंय." मग कागदावरून नजर वर करून तिनं सहज विचारलं, "पण कपडे सैल झाले असतील ना? बहुतेक लोक त्यावरूनच येतात हो आमच्याकडं. कपडे लोंबायला लागतात, मग घरातलं कुणीतरी घाबरतं."

मास्तरनं वळून बघितलं. वहिनी पलीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या, निळ्या झग्यात. खांद्यापासून घोट्यापर्यंत कुठं एक सुरकुती नव्हती.

मास्तरनं फक्त एवढं विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हा आजार लपूनच असतो. कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही." खोटं बोलून त्याला मोकळं करणं तिला सहज जमलं असतं. तिनं ते केलं नाही आणि उगाच भारही टाकला नाही. पण मधलं जे उरलं, तेच मास्तरच्या वाट्याला आलं.

घरी आल्यावर वहिनींनी डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मांजर टेबलाखाली बसलेलंच होतं. त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "म्हणजे नुसतं हेच मागं लावून घेतलं मी." आणि हसल्या. पूर्वीसारखे खांदे हलले नाहीत, नुसते ओठ हलले. मास्तर मशीनवर हात ठेवून उभा होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "इकडं बघा. आता माझं काही आत घ्यायचं नाही."

"अगं, पण लोंबेल."

"लोंबू दे. सगळे छान दिसतेस म्हणायचे आणि मलाही तेच खरं वाटायचं. आता जशी आहे तशी दिसू दे. बसल्या जागी हवा तरी लागेल अंगाला."

तसंच झालं. झगा उतरत गेला. आधी कमरेशी पिशवी झाली, मग खांद्यावरून घसरायला लागला. गल्लीतली माणसं आता "छान दिसता" म्हणायची थांबली आणि भाजीची वाटी, फळं घेऊन यायला लागली. वहिनी जमेल तेवढा वेळ टेबलाशी बसायच्या, सुई हातात घेऊन, काज मात्र पुरं व्हायचं नाही. मास्तरची तर तऱ्हाच निराळी. जन्मभर अंगावरचं कापड बघितलेला माणूस, त्याला ते लोंबणं बघवायचं नाही. हात आपोआप खडूकडं जायचा, परत यायचा. एकदा त्यानं मागून हळूच खांद्याशी चिमूट धरली. वहिनींनी न वळता चापट मारली. "चोर कुठले!" म्हणाल्या. मग तोच हात धरून ठेवला, बराच वेळ. मी रस्त्याकडं बघत बसलो.

थंडी संपता संपता एका सकाळी त्या गेल्या. मागच्या खोलीत, बहीण उशाशी असताना. मास्तर दुकान उघडून झाडत होता. बहिणीनं दार उघडलं आणि त्यानं केरसुणी भिंतीला उभी केली.

पुढं दुकान चालू राहिलं म्हणायचं. पँटी शिवायचा, कोटाला अस्तर लावायचा. काजांची कामं मात्र बाहेर एका बाईकडं द्यायचा. छोटं टेबल तसंच होतं, त्यावर बटणांची डबी. मी बाकावर जाऊन बसायचो आणि माझ्या जुन्या गोष्टी सुरू करायचो, दौतीची, पँटीची. तो हुं म्हणायचा. एके दिवशी मध्येच म्हणाला, "दादा, एक मोठी पंचाईत झालीय. डोळे मिटून हात पुढं केले की हाताला शेवटचंच माप येतं."

मी म्हटलं, "फोटो आहे की भिंतीवर, भाचीच्या लग्नातला. चांगल्या गुटगुटीत आहेत त्यात."

"फोटोत चेहरा असतो, दादा. माप नसतं. फीत कधी लावली नाही मी. हाताला पाठ होतं, म्हणून लावली नाही. आता हातच विसरले."

मी उठून छोट्या टेबलावरची बटणांची डबी उगाच सरळ केली.

मग परवा, म्हणजे तुम्ही सगळे येण्याआधी, मी दुपारी तिकडं गेलो. दार अर्धं लोटलेलं. मास्तर खिडकीशी, मशीनवर नाही, नुसता खुर्चीवर. मांडीवर तो निळा झगा, उलटा केलेला. बारीक कात्रीनं एकेक टाका उचलून तोडत होता आणि शिवण उघडत होता. सगळ्यात आतली आधी, मग तिच्या बाहेरची, मग तिच्या बाहेरची. दोरे गुडघ्यावर साठले होते. करडं मांजर टेबलाखालून त्यांच्याकडं बघत होतं.

दोन्ही बाजू उसवून झाल्या तसा त्यानं झगा टेबलावर पसरला आणि इस्त्री फिरवली. तेव्हा मला दिसलं. वरचं कापड उन्हानं, धुण्यानं फिकं पडलं होतं, पावसाळी आभाळासारखं. पण शिवणीच्या आत राहिलेलं कापड जसंच्या तसं होतं, दौत सांडल्यासारखं गडद. दोन्ही बाजूंना दोन रुंद पट्टे. त्या पट्ट्यांवर बारीक भोकांच्या रेघा, एकाशेजारी एक. वहिनी जितक्या वेळा दारातून ओरडत आल्या होत्या, त्या प्रत्येक वेळेची एकेक रेघ. कातरून टाकलं असतं तर यातलं काही राहिलं नसतं. त्याची ती सवय, जिच्यावरून आम्ही जन्मभर त्याला चिडवलं.

त्यानं सगळ्यात बाहेरच्या, भाचीच्या लग्नाच्या वेळच्या रेघेवर टाचण्या लावल्या, मशीनवर बसला, दोन्ही बाजू शिवून काढल्या. झगा सुलटा केला, हँगरला अडकवला, खिडकीशी टांगला. केवढा रुंद दिसला तो! मीही विसरलो होतो. खिडकीतलं ऊन अडलं आणि खोलीत निळसर सावली पडली. मास्तर उठला, झग्यासमोर उभा राहिला. पायाला पाय लावून, नीट, जसा वहिनींचं माप घ्यायला उभा राहायचा तसा.

मी विचारू नये ते विचारलं. "मास्तर, एवढा मोठा करून ठेवलात. आता हा कुणाला होणार?"

त्यानं दोन्ही तळवे झग्याच्या कमरेशी धरले. माझ्याकडं वळला नाही.

"कुणाला नाही हो, दादा. ती मुळात केवढी होती, ते एकदा माझ्या हातांना कळू द्या."